धरमपेठेतला फक्त सब्जेक्ट-व्हर्ब अ‍ॅग्रीमेंटचा (कर्ता-क्रियापदाच्या मेळाचा) वीकेंड क्लास, करून आल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, पण एसएससी (दहावी नाही, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा), बँक, सीडीएस (सैन्यातल्या अधिकाऱ्यांची) नाहीतर सॅट (अमेरिकेतल्या कॉलेज अ‍ॅडमिशनची) यातलं काहीही द्यायचं असेल अन् इंग्रजीच्या पेपरात इज लावू का आर, हॅज का हॅव, इथेच गाडी अडत असेल तर हा क्लास करा, दुसरीकडे फी भरायच्या आधी हा करा. नागपुरात इंग्रजी ग्रामरच्या क्लासेसची कमी नाही, सीताबर्डीत तर एकेका बिल्डिंगवर चार-चार बोर्ड दिसतात, पण एकच टॉपिक हातात घेऊन तो मुळापासून शिकवणारं मला तरी दुसरं कोणी भेटलं नाही.

क्लास म्हणजे धरमपेठेत मेन रोडवरून आत वळलं की एका जुन्या घराच्या वरच्या माळ्यावरचा हॉल, सतरंज्या, दोन पंखे अन् एक पांढरा बोर्ड. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या आहेत, शाळेत त्या इंग्रजी अन् मराठी दोन्ही विषय शिकवायच्या अन् तेच त्यांचं खरं भांडवल आहे, का ते खाली येईलच. शनिवार-रविवार संध्याकाळी दोन-दोन तास, महिनाभर, फी अठराशे, झेरॉक्स नोट्स त्यातच आल्या. मी सीजीएल (एसएससीची ग्रॅज्युएट लोकांसाठीची परीक्षा) अन् बँकेसाठी करून राहिले होते, सोबत मावसभावाला पण घेतलं, तो अकरावीला आहे अन् त्याला सॅट द्यायची आहे, म्हणजे एकाच क्लासचा दोन वेगळ्या परीक्षांसाठी किती उपयोग होतो ते बघता आलं.

एका टॉपिकसाठी महिना कशाला, हे घरच्यांनी पण विचारलं. तर हिशेब बघा. सीजीएलच्या टियर १ मधे इंग्रजीचे २५ प्रश्न, एकाला २ मार्क, चुकलं की ०.५० कापतात. टियर २ मधे ४५ प्रश्न, एकाला ३ मार्क अन् चुकलं की पूर्ण १ मार्क जातो. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक ऑफिसरच्या परीक्षेच्या प्रीलिम्सला ३० प्रश्न अन् २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद, त्यातच पॅसेज पण वाचायचा. आता वाक्यातली चूक शोधा, वाक्य सुधारा, रिकामी जागा भरा असे जे प्रश्न येतात त्यात कर्ता अन् क्रियापदाचा मेळ हा हमखास येणारा माल आहे. व्होकॅबचं कसं असतं, कितीही पाठ करा, पेपरात नवीनच शब्द समोर येतो. इथे तसं नाही, नियम मोजके आहेत, एकदा डोक्यात बसले की बसले. अन् अजून एक गोष्ट जी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली अन् मला फार पटली, चूक शोधायच्या प्रश्नात "नो एरर" हे उत्तर टिक करायला पोट्टे घाबरतात कारण आपल्याकडून काही सुटलं तर नाही ना अशी धाकधूक असते, पण निदान क्रियापद बरोबर आहे एवढं पक्कं सांगता आलं तरी अर्धी भीती तिथेच जाते.

आता मेन मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहून राहिले. बाकी ठिकाणी तुम्हाला नियमांची यादी देतात. मी आधी ज्या मोठ्या क्लासला जात होते तिथे एका दिवसात चाळीस-पन्नास नियम डिक्टेट केले, पाठ करा म्हणाले अन् दुसऱ्या दिवशी टेन्स सुरू. या मॅडम यादी देतच नाहीत, निदान पहिले दोन वीकेंड तरी नाही. त्या आधी विचारतात की मराठी मिडियमचा असो की इंग्लिश मिडियमचा, आपल्याकडच्या पोट्ट्यांची चूक नेमकी कुठे होते अन् काऊन होते.

बोर्डावर पहिलं वाक्य मराठीत लिहिलं, "संत्र्यांच्या पेट्यांचा भाव वाढला." क्रियापद कोणतं, वाढला. काय वाढला, भाव. यात कोणाचीच चूक होत नाही, अगदी लहान लेकरू पण "संत्र्यांच्या पेट्यांचा भाव वाढल्या" म्हणणार नाही. का नाही म्हणणार? कारण मराठीत अशा वाक्यात खरा कर्ता शेवटी येतो, क्रियापदाच्या अगदी मांडीला मांडी लावून, संत्री अन् पेट्या आधीच येऊन गेलेल्या असतात. वरून "पेट्यांचा" यातला चा सुद्धा ओरडून सांगतो की पुढे पुल्लिंगी एकवचनी शब्द येतोय. मग त्याच्या खाली इंग्रजी लिहिलं, "द प्राइस ऑफ द बॉक्सेस ऑफ ऑरेंजेस" अन् पुढे जागा रिकामी सोडली. अर्ध्या वर्गाने हॅव म्हटलं. का, तर इंग्रजीत सगळं उलटं झालं, प्राइस राहिला तिकडे सुरुवातीला अन् क्रियापदाच्या शेजारी येऊन बसले ऑरेंजेस. आपला कान जन्मापासून क्रियापदाच्या शेजारच्या शब्दाकडे बघायला शिकलेला आहे, मराठीत ते बरोबर असतं, इंग्रजीत तिथेच फसवतात. उत्तर "हॅज रिझन", कारण वाढली ती प्राइस, एकच.

हे ऐकल्यावर मला खरंच वाटलं की इतकी वर्षं हे कोणी सांगितलं काऊन नाही. प्रीपोझिशनल फ्रेज सोडून द्या, ऑफच्या नंतरचं बघू नका, हा नियम सगळीकडे सांगतात, पण आपण तिकडे बघतोच कशामुळे हे कोणी सांगत नाही, अन् जोपर्यंत ते कळत नाही तोपर्यंत घाईघाईत पेपर सोडवताना जुनी सवय वर येतेच.

दुसरी गोष्ट मॅडमनी अशीच मराठीतून उलगडली. "मुलीने आंबा खाल्ला", "मुलाने चिंच खाल्ली". खाल्ला-खाल्ली कोणाच्या मागे चाललं? आंब्याच्या अन् चिंचेच्या. म्हणजे भूतकाळातल्या अशा वाक्यांत मराठीचं क्रियापद कर्त्याला विचारत पण नाही, कर्माच्या मागे जातं, शाळेत आपण कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो ते हेच. इंग्रजीत साधं वाक्य असलं की क्रियापद कधीच कर्माकडे जात नाही, फक्त कर्ता. अन् इंग्रजीच्या साध्या भूतकाळात तर भांडणच नाही, ही एट, दे एट, वॉज-वेअर सोडलं तर सगळं सारखं, कॅन, विल, शुड, मस्ट यांच्यासोबत पण तसंच. म्हणजे परीक्षेत अ‍ॅग्रीमेंटची चूक लपू शकते अशा जागाच मुळात थोड्या आहेत, इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू अन् वर्तमानकाळातला तो एस. प्रश्न वाचताना डोळ्यांनी आधी ह्या जागा पकडा, बाकीकडे अ‍ॅग्रीमेंट शोधत टाइम घालवू नका. ४० सेकंदाच्या हिशेबात ही टीप सोन्याची आहे.

तिसरी गोष्ट आदरार्थी बहुवचनाची. "बाबा आले", "सर शिकवतात", "आजोबा झोपलेत", आपल्याकडे मोठ्या माणसाला बहुवचनच लागतं, मग पोट्टे लिहितात "माय फादर हॅव अ शॉप", "आवर सर टीच अस". बोर्डाच्या परीक्षेपासून ही चूक चालत आलेली असते. मॅडमचं म्हणणं असं की हा संस्कार आहे, तो चांगलाच आहे, पण इंग्रजीचं क्रियापद माणसाचं वय बघत नाही, डोकी मोजतं. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, नंदनवनची, तिच्या वहीत पहिल्या आठवड्यात "माय ग्रँडफादर गो फॉर वॉक" असं होतं अन् महिन्याच्या शेवटी ती दुसऱ्यांच्या वह्या तपासून देत होती.

क्लासमधे कसं शिकवतात याचा नमुना द्यायचा तर एका वाक्यावर गेलेली संध्याकाळ सांगते. बोर्डावर होतं, "वन ऑफ द बसेस फ्रॉम काटोल अँड सावनेर" अन् पुढे हॅज की हॅव ब्रोकन डाउन. मागून एक जण म्हणाला, हॅव मॅडम, काटोल अन् सावनेर दोन झाले ना. मॅडमनी चूक म्हटलं नाही. "बरं बेटा, बिघडलं काय? काटोल बिघडलं का सावनेर?" "नाही मॅडम, बस." "किती बस बिघडल्या?" "एक." "मग हॅव कोणासाठी आणून राहिला तू?" सगळे हसले, तो पण हसला, पण लगेच त्यांनी त्याच वाक्यात अजून एक तुकडा घातला, "वन ऑफ द बसेस दॅट गो टू काटोल हॅज ब्रोकन डाउन". आता वर्ग गोंधळला, एकाच वाक्यात गो पण अन् हॅज पण? परत तेच दोन प्रश्न. काटोलला जातात किती, पुष्कळ, म्हणून गो. बिघडली किती, एक, म्हणून हॅज. मग "द ओन्ली वन ऑफ द बसेस दॅट गोज टू काटोल" लिहिलं, इथे जाणारीच एक आहे म्हणून गोज. दॅट, हू, विच कोणत्या शब्दाबद्दल बोलून राहिले ते बघा अन् त्या शब्दाची डोकी मोजा, एवढंच. हा वन ऑफ वाला प्रश्न एसएससीवाल्यांच्या फार आवडीचा आहे अन् सगळ्यात जास्त पोट्टे याच्यातच आपटतात, त्यामुळे यावर पूर्ण संध्याकाळ गेली याचं मला काहीच वाईट वाटलं नाही.

त्यांची पद्धत एका वाक्यात सांगायची तर क्रियापदाला "कोण" किंवा "काय" विचारा, जे उत्तर येईल ते अन् क्रियापद असे दोनच शब्द मनात म्हणा, प्राइस हॅज, बस हॅज, मधलं सगळं पेन्सिलने कापा. एसएससी-बँकेची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, तिथे पेन्सिल चालत नाही, म्हणून शेवटच्या दोन वीकेंडला त्या कागद देतच नाहीत, वाक्य मोबाईलवर पाठवतात अन् न कापता नुसतं मनात दोन शब्द जोडून उत्तर द्यायला लावतात. ही तयारी मी दुसरीकडे बघितली नाही.

"अलाँग विथ" पण असाच मराठीतून सोडवला. "मुलांसोबत काकू आली" यात आली कोण, काकू, मुलं सोबतची आहेत, ती क्रियापदाला हात लावू शकत नाहीत. म्हणून "द आंट, अलाँग विथ द चिल्ड्रन, हॅज कम". अ‍ॅज वेल अ‍ॅज, टुगेदर विथ, इन अ‍ॅडिशन टू, अकंपनीड बाय, सगळी सोबतवाली मंडळी. फक्त अँड आलं तरच दोघं बरोबरीने कर्ते होतात. अन् अँडचा पण एक अपवाद, "द पोएट अँड फिलॉसॉफर हॅज कम" म्हणजे माणूस एकच, तोच कवी तोच तत्त्वज्ञ, अन् "द पोएट अँड द फिलॉसॉफर हॅव कम" म्हणजे दोघं जण आले, सगळा खेळ त्या दुसऱ्या द वर. ब्रेड अँड बटर इज, कारण तो एक पदार्थ धरतात. आयदर-ऑर, नायदर-नॉर ला जो क्रियापदाच्या जवळ तो खरा, "नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर" अन् उलटं केलं तर "नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज". म्हणजे शेजारच्याला बघायची आपली सवय इथे मात्र कामी येते.

एक जागा अशी आहे जिथे पेन्सिलने कापायची पद्धत धोका देते अन् मॅडमनी तो धोका आपणहून दाखवला म्हणून माझा विश्वास अजून वाढला. सम, ऑल, मोस्ट, हाफ, टू-थर्ड्स, पर्सेंट, हे शब्द आले की ऑफच्या नंतरचंच बघायचं. "मोस्ट ऑफ द वॉटर इज", "मोस्ट ऑफ द ऑरेंजेस आर", "टू-थर्ड्स ऑफ द क्रॉप हॅज बीन लॉस्ट", "टू-थर्ड्स ऑफ द ट्रीज हॅव ड्राइड". कारण मोस्ट ला स्वतःचं डोकंच नाही, कशाचा भाग आहे त्यावर ठरतं. जे पोट्टे नुसतं "ऑफच्या नंतरचं कापा" एवढंच पाठ करून जातात ते इथे हमखास पडतात. याच्याच शेजारी "अ नंबर ऑफ" अन् "द नंबर ऑफ" ची जोडी, "अ नंबर ऑफ फार्मर्स हॅव कम टू कळमना" कारण याचा अर्थ बरेच शेतकरी, अन् "द नंबर ऑफ फार्मर्स हॅज गॉन अप" कारण इथे वाढला तो आकडा.

उलट्या वाक्यांसाठी, म्हणजे जिथे कर्ता क्रियापदाच्या नंतर येतो, आपल्या नागपूरच्या झिरो माइलचं उदाहरण दिलं, तो खांब अन् त्याच्याजवळचे चार घोडे सगळ्यांनी बघितलेलेच आहेत. "बिसाइड द पिलर स्टँड फोर हॉर्सेस". सगळे स्टँड्स म्हणतात कारण पिलर आधी कानावर पडतो. उभं कोण आहे, घोडे, म्हणून स्टँड. देअर इज अन् देअर आर ला पण हेच, कर्ता मागून येतो, "देअर आर मेनी रीझन्स".

मग वस्तूंचा एक गठ्ठा आहे जो सरळ पाठच करायचा, त्यावर मॅडम पण फार वेळ घालवत नाहीत अन् मी पण नाही घालवत. आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक, पण इंग्रजीत सिझर्स आर, स्पेक्टॅकल्स आर, ट्राउझर्स आर, अन् पुढे "अ पेअर ऑफ" लावलं की परत इज. उलट आपल्या बातम्या अनेक पण न्यूज इज, केस अनेक पण डोक्यावरचे हेअर इज. मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स शेवटी एस असून एकवचनी. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, सीनरी यांना एस लागतच नाही. पोलीस अन् कॅटल कायम आर. मेनी अ अन् मोअर दॅन वन नंतर शब्द पण एकवचनी अन् क्रियापद पण, "मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड". ईच, एव्हरी, एव्हरीवन एकवचनी, आपल्या प्रत्येक सारखंच. "टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक" कारण अंतर एकत्र मोजलं.

आता सॅटचं. मावसभावाच्या दृष्टीने सांगते. सॅट आता पूर्ण डिजिटल आहे, भारतात म्हणजे अमेरिकेच्या बाहेर २०२३ पासून, रीडिंग अँड रायटिंगचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, दोन मॉड्यूलमधे २७-२७. त्यात ग्रामरचे साधारण ११ ते १५ असतात अन् अ‍ॅग्रीमेंट त्यातलंच. एसएससीसारखं निगेटिव्ह मार्किंग नाही. पण वाक्यं फार लांब असतात, मधे कॉमा टाकून शास्त्रज्ञाचं नाव, त्याचं गाव, त्याचं संशोधन असा एवढा पसारा की शेवटी क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. इथे मॅडमची दोन शब्दांची पद्धत फार कामी आली, तो आता दोन कॉमांच्या मधलं डोळ्यांनी उडवूनच वाचतो. अजून एक त्यांनी दाखवलं, ऑप्शन्स आधी बघा, कित्येकदा तीन क्रियापदं अनेकवचनी असतात अन् एकच एकवचनी किंवा याच्या उलट, प्रोव्हाइड, हॅव प्रोव्हाइडेड, आर प्रोव्हाइडिंग अन् प्रोव्हाइड्स असे चार, तर समजा प्रश्न अ‍ॅग्रीमेंटचाच आहे, कर्ता शोधा अन् संपवा.

अन् इथेच तो अर्धा स्टार कापला. सॅटचा सराव कमी पडतो. नोट्समधली बहुतेक वाक्यं एसएससीच्या धाटणीची, एका ओळीची, लांब पॅसेजमधली वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. मॅडमना सांगितलं तर त्यांनी भावासाठी वेगळी दोन पानं काढून दिली, पण ते मागितल्यावर, अन् जो मागणार नाही त्याला मिळणार नाही. दुसरं म्हणजे कलेक्टिव्ह नाउनचा, म्हणजे टीम, ज्युरी अशा समूहाच्या नावांचा भाग नोट्समधे सरसकट लिहिलाय. आपल्या परीक्षांमधे "द ज्युरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स" हे चालतं, मतभेद असले की अनेकवचन, ब्रिटिश वळण. सॅट अमेरिकन आहे, तिथे टीम, कमिटी, ज्युरी एकवचनी धरून चालायचं. मॅडम बोलताना हा फरक सांगतात पण झेरॉक्समधे तो नाही, अन् पोरं घरी जाऊन झेरॉक्सच वाचतात. नन (म्हणजे "एकही नाही") बद्दल पण तेच, नोट्समधे एकवचनी असं ठोकून दिलंय, खरं तर "नन ऑफ द स्टुडंट्स" ला इज अन् आर दोन्ही चालतात. हे तिन्ही बदल एका संध्याकाळचं काम आहे, करून घ्यावेत अशी माझी मनापासून विनंती आहे, एवढ्या चांगल्या क्लासच्या नोट्स तितक्याच चांगल्या पाहिजेत.

बाकी लहानसहान तक्रारी. उन्हाळ्याच्या बॅचला हॉल तापतो, नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, कूलर एकच अन् तो पुढच्या रांगेलाच लागतो, मागे बसणाऱ्याने पाण्याची बाटली ठेवावी. गाडी लावायला जागा नाही, गल्लीत लावली तर शेजारचे बोलतात, अन् ते बोलतात ते बरोबरच आहे कारण त्यांचं गेट अडतं. मेट्रोने येणं सोयीचं, अ‍ॅक्वा लाइनने आलं की थोडं चालावं लागतं बस. रेकॉर्डिंग मिळत नाही, एक दिवस बुडला तर कोणाची तरी वही मागावी लागते. नोकरी करणाऱ्यांनी हे बघून मगच फी भरावी.

मॅडमचा सरळपणा मात्र सांगितलाच पाहिजे. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी एक दादा आले होते, ऑफिसमधून डायरेक्ट, त्यांना एमबीएच्या अ‍ॅडमिशनसाठीची जीमॅट द्यायची होती. मॅडमनी त्यांना तिथेच सांगितलं की नोव्हेंबर २०२३ मधे जी नवीन जीमॅट आली त्यात सेन्टेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य सुधारायचे प्रश्न, काढूनच टाकलंय, आता व्हर्बलमधे रीडिंग अन् क्रिटिकल रीझनिंग राहिलं, तुम्ही माझ्याकडे पैसे घालवू नका. भरलेली फी परत केली. अजूनही बाजारात जुन्या जीमॅटची ग्रामरची पुस्तकं अन् नोट्स विकून राहिले आहेत, अन् घेणाऱ्याला माहीत नसतं, अशा वेळी हे सांगणारं माणूस मिळणं मोठी गोष्ट आहे. जीआरईवाल्यांना (परदेशी मास्टर्सच्या अ‍ॅडमिशनची परीक्षा) पण हेच, तिथे ग्रामरचे वेगळे प्रश्न येत नाहीत, निबंध नीट लिहिण्यापुरता उपयोग. आयईएलटीएस (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) देणाऱ्यांनी मात्र यावं असं मला वाटतं, कारण तिथे रायटिंगच्या मार्कांतला चौथा हिस्सा ग्रामरचा असतो अन् दर दुसऱ्या वाक्यात एस गळाला की तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

ज्यांचं इंग्रजी आधीच पक्कं आहे, मॉकमधे इंग्रजीत ४० च्या वर येऊन राहिले आहेत, त्यांना महिना लांब वाटेल, त्यांनी नुसत्या शेवटच्या दोन वीकेंडच्या टेस्ट द्यायला परवानगी मागावी, मॅडम देतात, फी अर्धी घेतात. ज्यांची गाडी टेन्सपासूनच अडलेली आहे त्यांनी पण यायला हरकत नाही, पहिल्या वीकेंडला क्रियापद ओळखण्यापासून सुरुवात होते, कोणाला लाजवत नाहीत, मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर देतात. मराठी मिडियमच्या मुलांना तर उलट फायदाच आहे, कर्ता, कर्म, प्रयोग हे शब्द त्यांना आधीच माहीत असतात, इंग्लिश मिडियमची पोट्टी तिथे मागे पडलेली मी बघितली.

नवीन बॅच दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होते, पहिलं लेक्चर फुकट असतं, बसून बघा अन् मग ठरवा. जागा तीसच घेतात, त्यामुळे आठवडाभर आधी जाऊन नाव लिहून या, फोनवर नाव घेत नाहीत. सॅटवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाका की आम्हाला लांब वाक्यांची वेगळी पानं पाहिजेत, चार-पाच जणांनी मिळून मागितली तर त्या पुढच्या बॅचपासून नोट्समधेच घालतील असं त्या मला म्हणाल्या आहेत.